मास्तरांच्या पोराची गाडी

“आज हलला नाही तर मीच लाथ घालतो त्याला,” मास्तर म्हणाले.

“बारा दिवस तेच ऐकतोय. तुमचा पाय मोडेल, पिस्टनला काही होणार नाही,” मिस्त्री म्हणाला. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून त्याने हातोडीचे हलके ठोके द्यायला सुरुवात केली.

मोटरसायकल मास्तरांच्या मुलाची होती. अठरा वर्षं ती परसातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती, आणि त्याच शेडमध्ये मिस्त्रीचं गॅरेज होतं. सकाळी दार उघडलं की पहिली नजर त्या ताडपत्रीवर जायची. तिच्याकडे पाठ करून बसावं, तर मागून कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटायचं. “सारखं मागे काय बघतोस, बायको उभी आहे का?” गिऱ्हाइकं चेष्टा करायची. मिस्त्री हसण्यावारी न्यायचा, आणि पुन्हा वळून बघायचा.

मुलगा गेला तो वळणावर, गाडीसकट कालव्यात. त्याच्या तीनच दिवस आधी मिस्त्रीने त्या इंजिनात नवा पिस्टन घातला होता. गाडी दोन महिने पोलिसांच्या आवारात पावसात पडून राहिली. घरी आणली तेव्हा मागचं चाक जागचं हलेना. बघायला आलेला जो तो हेच म्हणाला, की धावता धावता पिस्टन पकडला, चाक जाम झालं आणि पोरगं उडालं. मिस्त्री खाली मान घालून ऐकत राहिला. पिस्टन बसवताना घाई झाली होती, पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट कमी राहिली असणार, हे त्याने मनाशी धरूनच टाकलं. इंजिन उघडून बघायची त्याची छाती झाली नाही.

त्याच हिवाळ्यात त्याचं स्वतःचं गॅरेज जळालं. आत धाकटा भाऊ झोपला होता, तो गेला. आग कशी लागली, हे मिस्त्रीने कुणाला विचारलंसुद्धा नाही. आपल्या पापाचं आपल्याला मिळालं, एवढंच तो बायकोला म्हणाला.

आठवड्याने मास्तर आले. बराच वेळ दारातच उभे राहिले. शेवटी म्हणाले, “माझ्या परसातल्या शेडमध्ये गाडीशेजारी जागा आहे. तिथे ये.”

लोक म्हणाले, देवमाणूस! मिस्त्रीला मात्र ते उपकार कधी पचले नाहीत. त्या घरचं पाणी पितानाही त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आता दोन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी स्वतःच ताडपत्री ओढून काढली. “माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. टेबलावरून उठेन, न उठेन. एकदा ते इंजिन उघड.”

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढून, डिझेल आणि तेल ओतून पिस्टन भिजत ठेवला होता. आज मिस्त्रीने उरलेलं तेल निपटून काढलं, पिस्टन ज्यात अडकला होता तो ब्लॉक बाहेरून गरम केला, जरा निवू दिला आणि पुन्हा ठोकळा ठेवला.

“मास्तर, हा सुटायच्या आधी एक सांगायचंय. तो पिस्टन मी बसवला होता.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“गाडी घरी आली त्या दिवसापासून.”

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. “आणि तरी मला जागा दिलीत? अहो, एक थोबाडीत तरी द्यायची होती!”

“ठोक तू,” मास्तर म्हणाले. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. “आधी बघू दे.”

चौथ्या ठोक्याला पिस्टन केसभर सरकला. मग आणखी. तासाभराने मिस्त्रीने ब्लॉक उपसून काढला, पिस्टन सोडवला, फडक्याने पुसला आणि दारातल्या उजेडात नेला. एकदा बघितला, फिरवून पुन्हा बघितला. ब्लॉकमध्ये बोट घालून चाचपलं. फट मोजली. परत मोजली.

“मास्तर! अहो मास्तर, हे बघा!”

“काय ते सांग.”

“धावता धावता पकडला असता तर अंगावर उभे ओरखडे असते. धातू वितळून भिंतीला चिकटला असता. एक ओरखडा नाही! फट बरोबर आहे. हा नुसता गंज आहे, नंतरचा. पावसाचं पाणी आत गेलं, गाडी पडून राहिली आणि पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरल्या. त्या दिवशी इंजिन शेवटपर्यंत चालू होतं.”

“म्हणजे पोरगाच वळणावर चुकला?”

“ते मी काय सांगू? पण गाडीने दगा दिला नाही.”

“तुझ्या हातून काहीच झालं नव्हतं?”

“काही नाही, मास्तर! अठरा वर्षं मी उगाच...” तिथेच जमिनीवर बसून तो लहान पोरासारखा रडायला लागला. रडता रडता हसतही होता. इतकं हलकं त्याला अठरा वर्षांत वाटलं नव्हतं.

मास्तरांनी पिस्टन मागून घेतला. चष्मा कपाळावर सारून, अगदी डोळ्यांजवळ धरून बघितला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस्त्री घाबरून उठला. “पाणी आणू का? छातीत दुखतंय का?”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

“तुझा भाऊ आत झोपलाय,” ते म्हणाले, “हे मला खरंच माहीत नव्हतं रे.”