आईचं नाव

"ए काळे, तू शिकून काय दिवे लावणार? हो मागं!" सव्वीस वर्षांपूर्वीचा तो आवाज आज तिच्या अंगणात साखरेत घोळून आला होता.

यंदा पटावर एक पोरगी कमी पडली तर शाळेला कुलूप लागणार, म्हणून गुरुजी फुगा नि गुलाब घेऊन दारोदार हिंडत होते. तिच्या लेकीला टिळा लावून "आमची सोनपरी गं" म्हणत होते. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बघत होती. बहुरूप्यालाही एवढं सोंग साधलं नसतं.

गुरुजींनी प्रवेशाचा अर्ज मांडीवर घेतला. "ताई, आईचं नाव काय लिहू?"

"मंजुळा. चार वर्षं तुमच्याच वर्गात होते, गुरुजी. हजेरीलासुद्धा काळीच म्हणायचात. फाडा तो कागद. लेक दोन मैल चालत दुसऱ्या शाळेत जाईल, तुमच्या हाती नाही द्यायची."