गोटीरामशेठ पाळण्यात बसले तेव्हा

"पाय आत घ्या! अहो, पाय आत घ्या म्हणते ना!"

आकाशपाळण्याच्या अगदी वरच्या डब्यातून बाईंचा आवाज आला आणि खालच्या सगळ्या माना वर झाल्या. बाईंच्या शेजारच्या जाड्या काकांनी डब्याची साखळी काढली होती. एक पाय बाहेर. लोखंडी दांड्यांवरून उतरायचं त्यांनी पक्कं केलं होतं.

लाईट गेली होती. मे महिन्याच्या भर दुपारी गंमतवाडी पार्कातलं सगळं जिथल्या तिथं थांबलं होतं. लाकडी घोडे थांबले, झुकझुकगाडी थांबली आणि आकाशपाळणा भरल्या डब्यांसकट थांबला. जनरेटर नेमका अंबडला दुरुस्तीला गेलेला.

"समोर एकलहऱ्याची धुराडी दिसतायत मला!" काका वरून ओरडले. "तिथं वीज बनते आणि मी इथं लोंबकळतोय! उतरतो मी!"

पाळणा चालवणारे बहिरूमामा हात जोडून "नका, सायब, नका" म्हणत होते. ते वरपर्यंत पोचत नव्हतं. पोचेल असा एकच आवाज होता. बॅटरीवरचा भोंगा, आणि तो योगिनीच्या हातात होता.

योगिनीची दहावीची परीक्षा झाली होती. सुट्टीपुरतं तिला काम मिळालं होतं, पाळण्याशेजारी उभं राहून पार्कचा इतिहास सांगायचा. तो मालकांनी, महेशशेठनी, स्वतः लिहून दिला होता. रविवारी तिनं त्यात जरा मीठमसाला घातला, लोक हसले आणि शेठनी तिला बाजूला घेतलं. "माझ्या वडिलांची चेष्टा नको. लिहिलंय त्याच्यापुढं एक शब्द बोललीस तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नको."

आणि तिला तर हे काम जाम हवं होतं! उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुलगी भोंगा मिळाला की अख्ख्या गर्दीशी बोलू शकते, हे तिला आत्ता कुठं कळलं होतं.

तिनं भोंगा तोंडाला लावला. "आमचे संस्थापक, कैलासवासी गोटीरामशेठ, यांनी मोठ्या दूरदृष्टीने..."

काकांनी दुसरा पाय उचलला.

गेलं खड्ड्यात, योगिनीला वाटलं.

"काका! गोटीरामशेठपण असेच घाबरले होते!"

काका थांबले. "कोण घाबरलंय?"

"तुम्ही नाही हो, गोटीरामशेठ! ब्याण्णव साली. इथं झेंडूचा मळा होता. शेठनी जत्रेतला जुना पाळणा विकत घेतला, ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर फिरवायला. उद्घाटनाला बसायला कुत्रं तयार होईना! रिकामा पाळणा फिरवणं अपशकुनी. मग शेठनी घरचे कांदे आणले आणि डब्याडब्यात कांद्याची पोती बसवली!"

"पोती मीच बांधली व्हती!" बहिरूमामा ओरडले.

"आणि कशी बांधली? वर गेल्यावर एक सुटलं! कांदे थेट पाहुण्यांच्या फेट्यावर! रस्त्यानं एसटी चाललेली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. माणसं खिडकीतून म्हणतात, अरे, हितं कांदे पाळण्यात बसतात!"

सगळे डबे हसून हलायला लागले. काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अहो, ऐका तरी. आणि पाय आत घेऊन ऐका."

काकांनी पाय आत घेतला. साखळी लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

आता थांबायला हरकत नव्हती. पण योगिनी सुटली होती. ही गोष्ट तिच्या आईची. सिंधुबाई त्या दिवशी पूजेचे हार विकायला आली ती इथंच राहिली, आता तिकिटाच्या खिडकीत बसायची. जेवताना ती गोटीरामशेठची अशी नक्कल करायची की घास घशात अडकायचा. महेशशेठ त्या साली पुण्याला होस्टेलवर होते. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

"एसटीतली माणसं म्हणाली, शेठ, आधी तुम्ही बसा! आता शेठ कसले बसतात? माडीवर चढताना भिंत धरणारे! पण बसले. शेजारी कांद्याचं पोतं. पाळणा वर गेला तसे शेठनी डोळे गच्च मिटले, पोत्याला मिठी मारली आणि पोत्यालाच म्हणतात, घाबरू नको, बाळा, मी हाय ना!"

"बाळा!" काकांना हसता हसता ठसका लागला. "मग?"

"मग काय, ट्रॅक्टरचं डिझेल संपलं! शेठ वरच!"

"अगं बाई! उतरले कसे?"

"माणसं हातानं पाळणा ओढायला लागली. तर शेठ वरून ओरडतात, हळू रे, लेकरू झोपलंय माझं! खाली आले ते पोत्याला कवटाळूनच. डोळे मिटलेले. आणि तसेच म्हणाले, बसा रे सगळे, काही होत नाही!"

शिट्ट्या, टाळ्या. तेवढ्यात पाळण्याला हलकासा हिसका बसला आणि तो फिरायला लागला. "आली, आली, लाईट आली!" पोरं नाचायला लागली. काकांचा डबा खाली आला, पण काका उतरेनात. "अजून एक फेरी," म्हणाले.

योगिनी हसत मागं वळली. बहिरूमामांना खेटून महेशशेठ उभे होते.

तिनं स्वतःहूनच भोंगा पुढं केला. "उद्यापासून येत नाही, शेठ."

शेठनी भोंगा घेतला नाही. रुमालात तोंड खुपसून ते तिकिटाच्या खिडकीकडं चालू लागले, सिंधुबाईकडं.

"फार चिडलेत का हो, मामा?"

"येडी का काय!" बहिरूमामा म्हणाले. "लाईट कवाच आली व्हती, पोरी. म्या बटणावर हात ठेवला, तर शेठनी त्यो धरून ठेवला. म्हणले, माझा बाप खाली उतरस्तवर पाळणा हालवायचा नाय."