वकील कुणाचा?

"हरलो तर हे पैसे परत मिळत्यात का?" सखूबाईनं विचारलं.

वकील गौरीशंकर यांनी पेन खाली ठेवलं. धनाजीनं टेबलावर ठेवलेल्या नोटांना त्यांनी अजून हात लावला नव्हता.

"नाही आजी. फी कामाची असते, निकालाची नाही."

सखूबाईनं मान हलवली. असंच काहीतरी ऐकायला मिळणार हे जणू तिला ठाऊकच होतं.

धाराशिवच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर वकिलांची खोली होती. धनाजी येडशीहून मोटारसायकलवर आईला घेऊन आला होता. जिना चढताना त्यानं तिचा दंड धरला होता. खुर्ची रुमालानं पुसून मग तिला बसवलं होतं. त्यानंच सगळी हकीकत सांगितली, वकिलांनी ती लिहून घेतली. धाकटी बहीण शिवकन्या नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. घर आईच्या नावावर, पण आता तीच मालकीण झालेली. आईला शिळंपाकं घालते, घालूनपाडून बोलते. तिला घराबाहेर काढायचा दावा लावायचा होता. बहिणीबद्दल बोलताना धनाजीची मान खाली होती. गौरीशंकरांना तो आवडला. आईसाठी खुर्ची पुसणारी मुलं त्यांच्याकडं फारशी येत नसत.

म्हातारीचं मात्र कशावरच समाधान होत नव्हतं.

"स्टँपाचे पैसे ह्यातच का येगळे?"

"वेगळे. कोर्ट फी सरकारजमा होते. टायपिंगचा खर्चही वेगळा."

"दर तारखेला काय द्यावं लागतंय?"

"काही नाही. पूर्ण दाव्याची फी एकदाच ठरवायची. निम्मी आधी, निम्मी नंतर. पावती मिळेल."

"जितलो तर घरात हिस्सा मागाल?"

"वकिलाला हिस्सा मागता येत नाही, आजी. मनाई आहे."

"आन् थोडे थोडे करून दिले तर?"

"माय, तुला काय करायचंय?" धनाजी हसला. "पैसे मी देणार हाय न्हवं?" मग वकिलांकडं वळून म्हणाला, "वय झालंय साहेब. कुणावरच इश्वास न्हाय हिचा. आदी दोन वकील बघितले. दोन्हीकडं असाच घोळ घातला."

गौरीशंकरांनाही आता संशय येऊ लागला. शेरडं राखणाऱ्या बाईला इतके नेमके प्रश्न सुचतात कसे? हे घरातून पढवून पाठवलेलं दिसत होतं. दावा लागूच नये म्हणून मुलीनं कान भरले असणार. अशी घरं त्यांनी बरीच पाहिली होती. नोटा परत कराव्यात आणि मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात सखूबाई पुढं सरकली.

"पैसे ह्यो देणार. मग तुमी वकील कुणाचे?"

"तुमचा. पैसे कुणीही भरू दे. वकीलपत्रावर ज्याचा अंगठा, त्याचा मी वकील."

"म्या सांगितलेलं ह्याला सांगाल?"

"तुम्ही नको म्हणालात, तर कुणालाही सांगणार नाही. तसं सांगताच येत नाही मला."

"माझ्यापास्नं काय लपवायचंय, माय?" धनाजी अजून हसतच होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. सखूबाईनं खाली बघितलं. इतका वेळ चाललेलं तोंड एकदम बंद झालं.

गौरीशंकरांनी तो हात पाहिला.

"धनाजीराव, तुम्ही जरा बाहेर बसा."

"कशाला साहेब? तिला कमी ऐकू येतं. मी असलेला बरा."

आतापर्यंत तिला एकही शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागला नव्हता.

"मी मोठ्यानं बोलेन. तुम्ही बसा बाहेर," गौरीशंकर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

धनाजी उठला. दार लागलं. सखूबाईनं नुसतं दाराकडं बोट केलं. गौरीशंकरांनी जाऊन दार उघडलं, तर धनाजी चौकटीला टेकूनच उभा होता.

"खाली जाऊन तीन चहा सांगा. आणि तिथंच थांबा, मी बोलावतो."

पायऱ्यांवरचा चपलांचा आवाज थांबला.

"आदीच्या दोघांना म्या खरं सांगितलं हुतं," सखूबाई हळू आवाजात म्हणाली. "त्यांनी ह्यालाच आत बोलावलं. म्हणले, धनाजीराव, आई बगा काय म्हणत्यात. त्या दिशी घरी गेल्यावर..."

डाव्या हाताचं मनगट तिनं पदराखाली ओढून घेतलं. गौरीशंकर खुर्चीत बसले आणि त्यांनी कोरा कागद पुढं ओढला.

"सांगा आजी. यातलं काही या खोलीबाहेर जाणार नाही."

"लेकीचं नाव खोडा. ती हाय म्हणून म्या जिती हाय. कोंडलं तर तीच कडी काढती."

तिनं टेबलावरच्या नोटा बोटांनी वकिलांकडं ढकलल्या.

"हे त्याचे त्याला देऊन टाका. म्या दोन शेळ्या इकते. बाकीचे देईन थोडे थोडे करून."

"मुलगा भरतोय तर भरू द्या की. वकील मी तुमचाच राहीन."

"त्याचे कसे घ्यायचे सायब?" सखूबाई म्हणाली. "दावा त्याच्यावरच लावायचाय."