लाल की पिवळी

संगमनेरच्या मुलींच्या शाळेत मैदानावरचं गवत कापून दाखवायला दोन कंपन्यांच्या बसून चालवायच्या गाड्या आल्या. एका कंपनीच्या परवेझनं आपल्या लाल गाडीनं अर्धं मैदान गालिच्यासारखं केलं. उरलेलं अर्धं पिवळ्या गाडीवाल्यानं कापलं, दिसायला साधंच. सौदा आपलाच, असं परवेझला वाटलं. पण खो-खो शिकवणाऱ्या दया मॅडमनी चपला काढून दोन्ही बाजू चालून बघितल्या आणि पिवळी निवडली. परवेझ दुखावला. “मॅडम, माझं काम बघा तरी.” “बघितलं. लई देखणं दिसतंय. पण माझ्या पोरी अनवाणी पळतात. तुम्ही बूट काढून या, मग बोलू.” त्यानं काढले. लाल बाजूला गवताची फाटकी टोकं तळव्यांना टोचली. पिवळ्या बाजूच्या मऊ गवतावरून तो पार टोकापर्यंत गेला. परतला तेव्हाही बूट हातातच होते. तो पिवळ्या गाडीवाल्याला म्हणाला, “बूट काढ. काय कापलंयस ते बघ तरी.”