कमरेवरचे टाके

दात बसवण्याआधी एक छोटं ऑपरेशन करायचं म्हणून गेलेला मुलगा कंबर धरून लंगडत घरी आला, तेव्हाच आईच्या मनात पाल चुकचुकली.

"जबड्याचं हाड झिजलंय गं माझं. नवे दात रोवायला जागाच उरली नव्हती. म्हणून कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरलं," सुजलेला गाल सांभाळत त्याने समजावलं.

"दुखणं तोंडात आणि टाके कमरेला? मला काय कुक्कुलं बाळ समजतोस? किडनी काढून घेतली असणार मेल्यांनी!"

तिने सोनोग्राफीचा हट्टच धरला. तो आधी हसला, पण ती ऐकेना, तेव्हा काहीबाही कारणं सांगून टाळू लागला. तो टाळत गेला तसा तिचा संशय बळावत गेला. शेवटी तिने जेवणच सोडलं, तेव्हा तो निमूटपणे तिच्याबरोबर गेला.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटावरून यंत्र फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. "यांना एकच किडनी आहे," त्या म्हणाल्या.

"बघ! मी म्हणत नव्हते?" आई ताडकन उठली. "चल आधी पोलिसांत. त्या दातवाल्याला मी सोडणार नाही!"

मुलाने हात धरून तिला खाली बसवलं.

 

"त्याने हाडच काढलं गं, आई. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी किडनी कुणा अनोळखी माणसाची मिळाली, असं आम्ही तुला खोटंच सांगितलं होतं. माझी आहे म्हटलं असतं, तर तू घेतली नसतीस."