उलटी करवंटी

जितेंद्र चौगुल्यांनी माशाच्या साराचा दुसरा घास घेतला आणि पुन्हा पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

यशोदा आतल्या दारातून बघत होती. तिखट लागलेला माणूस आधी नाक पुसतो, मग पाणी पितो. पाहुण्याचं नाक कोरडं होतं. तिसऱ्या घासानंतर त्यांनी वाटी जराशी लांब सरकवली आणि ते तळलेल्या सुरमईकडे वळले. पलीकडे खाडीला भरती लागली होती. पाणी खानावळीच्या पायरीपर्यंत आलं होतं.

"संचिता, सारात मीठ तू घातलंस?"

सून पाट्यावरून रात्रीच्या जेवणाचं वाटण काढत होती. "व्हय. वाटण घातल्यार लगेच."

यशोदाने फळीकडे पाहिलं. मिठाच्या बरणीवर करवंटी सरळ ठेवलेली होती.

सोमवारी दोघींचा उपवास. यशोदाचा लग्नापासूनचा, संचिताचा सोळा सोमवारांचा, आज चौदावा. उपवासाच्या दिवशी मासे रांधायचे, पण जिभेला लावायचे नाहीत. वासावरून तिखट कळतं, आंबट कळतं. मिठाला वास नाही. म्हणून ह्या चुलीपाशी एक रीत होती. सारात मीठ जिच्या हातून पडेल, तिने मीठ काढायची करवंटी बरणीवर उलटी ठेवायची. मग दुसरीने मिठाला हात लावायचा नाही. संचिताने ती उलटी ठेवली होती. पण नंतर सुरमईला मीठ लावायला उचलली आणि सवयीने सरळ ठेवून दिली. मागून आलेल्या यशोदाने सरळ करवंटी बघितली आणि आपलं मीठ घातलं.

संचिताच्या हे ध्यानात आलं तसे तिचे वाटणाने माखलेले हात तसेच राहिले.

चौगुले कोल्हापूरहून पर्यटकांच्या बसगाड्या आणायचे. हंगामभर आपली माणसं कुठे जेवतील, ते आज जेवून ठरवणार होते. इथे ठरलं, तर यशोदाचा मुलगा सिद्धेश गोव्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी येणार होता. संचिताचे सोमवार त्याच्यासाठीच होते.

यशोदाचे यजमान सत्यवान भाताचं ताट न्यायला आत आले. बायकोने काय झालं ते सांगितल्यावर त्यांनी हळूच सुचवलं, की नारळाचा रस ओतावा, थोडं गरम पाणी घालावं, कोणाला कळतंय. त्यांनी स्वतः चाखून बघण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी मीठ तोडल्यापासून त्यांना कोरा चहासुद्धा खारट लागे.

यशोदाने पदर खोचला, बाहेर गेली आणि पाहुण्याच्या पुढ्यातली वाटी उचलली.

"हे खाऊ नका. आमच्याकडून मीठ दोनदा पडलंय. पंधरा मिनिटं थांबा, दुसरं करते."

"चालतंय की, मावशी," चौगुले म्हणाले.

"तुम्हाला चालेल. तुमच्या माणसांना नाही चालणार."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग सुरमईच्या उरलेल्या अर्ध्या तुकडीकडे बघितलं आणि बसून राहिले.

बर्फातले चार बांगडे निघाले. रात्रीचं वाटण आताच टोपात पडलं, त्यात आंबटाला सोलं, ठेचलेली तिरफळं. दोघी एकमेकींच्या हाताखालून हात घालत राहिल्या. साराला उकळी फुटली तशी, चाखत चाखत मीठ घालावं म्हणून संचिताने डवली बुडवली आणि दोन थेंब तळहातावर घेतले.

यशोदाने तिचं मनगट धरलं.

"चूक माझी, आई. माझोच सोमवार जांवदे."

"कोणाचोच सोमवार जावचो नाय."

तिने सुनेचा हात पाण्याखाली धरून धुतला. मग फडक्याने टोप उचलला, करवंटीत मीठ भरून घेतलं आणि बाहेर निघाली. गिऱ्हाइकाच्या पुढ्यात कोणी टोप नेतं काय गो, असं सत्यवान म्हणेपर्यंत टोप टेबलावर पोचला होता.

"ह्यात अजून मीठ नाही," ती चौगुल्यांना म्हणाली. आवाज देवळात बोलावा तितकाच होता. "आमचा दोघींचा सोमवार आहे, आणि ह्यांचं मीठ बंद आहे. चव बघणारं घरात कोणी नाही. तुम्ही सांगा, मी घालते."

चौगुल्यांनी आधी टोपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. चमचा हातात घेऊन परत खाली ठेवला. उठून नळावर हात धुऊन आले, तोवर यशोदाने अंदाजाने मीठ घालून ढवळलं होतं. त्यांनी उजवा तळहात खोलगट करून पुढे केला. खाली डावा हात. तीर्थाला करतात तसा. फक्त, थेंब पडल्यावर त्यांनी फुंकर घातली.

"अजून."

चिमूट पडली. हात पुन्हा पुढे आला.

"किंचित."

तिसऱ्या वेळी त्यांनी हात मागे घेतला. भाताचं ताट ओढलं आणि स्वतःच डवलीने सार वाढून घेतलं. चार घास झाल्यावर नाक पुसलं.

"तुमच्याकडे खुर्च्या किती?" त्यांनी सत्यवानांना विचारलं.

"चोवीस."

"चाळीस लागतील," ते म्हणाले आणि दुसऱ्या बांगड्याकडे हात नेला.

यशोदाने आत येऊन करवंटी सुनेच्या हाती दिली. संचिताने उरलेलं मीठ बरणीत रितं केलं, करवंटी तिच्यावर उलटी ठेवली, आणि कोणी उचलेल म्हणून वर तळहात दाबून उभी राहिली.