तिसरं वाक्य

इंग्रजीच्या क्लासमध्ये बाईंनी ‘गो थ्रू’चे तीन अर्थ सांगितले: आरपार जाणं, सोसणं आणि नीट वाचून काढणं. प्रत्येकाचं एक वाक्य घरून लिहून आणायचं होतं. प्रतिभाताईंनी पहिली दोन झटक्यात लिहिली. तिसरं काही केल्या सुचेना. तेवढ्यात वणीहून कारभारीदादा आला, वडिलांच्या मळ्याचं हक्कसोडपत्र घेऊन.

“वाचत काय बसतीस? वकिलानं बघितलंय सगळं. फुलीपाशी सही कर. धाकटीनं तर कागद उलगडला पण नाय.”

“तू चहा घे, दादा,” म्हणत त्यांनी चष्मा लावला.

चहावर साय धरली. शेवटचं पान संपवून त्यांनी पेन उघडलं, तसा दादा हसला. प्रतिभाताईंनी बिनसहीचा कागद त्याच्या हातात दिला आणि वही पुढ्यात ओढून तिसरं वाक्य लिहायला घेतलं.